तुरळक ठिकाणी

कचेरी उघडायच्या आधीच बर्फ येऊन बाकावर बसला होता. शेजारी गारा होत्या, आणि त्यांच्या पलीकडे गोठता पाऊस, धड पाऊसही नाही न् धड बर्फही नाही, म्हणून अंग चोरून. लिंबाजी शिपायाने तिघांना चहा विचारला. गरम म्हणून कुणी घेतला नाही.

"बाई, तुम्ही अंदाज दिलात," बर्फ म्हणाला. "जिल्ह्यात तुरळक ठिकाणी जोरदार बर्फ, गारा आणि गोठता पाऊस. आम्ही आलो. आता ठिकाण सांगा."

नलिनी खटावकरांची उभी हयात हवामानाचे अंदाज देण्यात गेली होती, आणि प्रत्येक अंदाजात त्यांनी 'तुरळक ठिकाणी' घातलं होतं. सगळेच घालतात. ते ठिकाण कुठलं, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. तुरळक म्हणजे आपल्याकडे नव्हे, एवढं बाई धरून चालल्या होत्या. म्हणून तर त्यांच्या एकुलत्या एक लेकीचं, ऋजुताचं, लग्न आज दुपारी घरच्या अंगणात होतं, तेही उघड्यावर. आई हवामान खात्यात असताना मांडव कशाला, असं ऋजुता गावभर सांगत सुटली होती.

"हिंगणखेडला जा," बाई म्हणाल्या.

तेवढ्यात हिंगणखेडचे सरपंच दारात हजर. "म्याडम, आमच्यात हळद वाळत घातलीया. आमाला तेवढं वगळा की."

बाईंना कुणाला नाही म्हणता येत नसे. त्यांनी भिंतीवरच्या नकाशातून हिंगणखेड पुसलं. नकाशा तेवढा आखडला, आणि जिल्हाही. मग शेळपाटचा उरूस निघाला, तांबेवाडीच्या द्राक्षांची तोडणी निघाली, कुठे पापड वाळत होते. सगळे हसतखेळत आले आणि जाताना टेबलावर पेढे ठेवून गेले. दुपारपर्यंत जिल्हा सतरंजीएवढा उरला. खटावकरांचं अंगण सरकत सरकत कचेरीच्या पायरीला येऊन लागलं. त्यात वऱ्हाडी दाटीवाटीने बसले होते.

"इथेच पडा ना, कचेरीत," बाई म्हणाल्या.

"छताखाली कसं पडणार?" बर्फ म्हणाला. त्याचंही बरोबर होतं.

ऋजुता मुंडावळ्या सावरत पायरीशी आली. "आई, आभाळ निरभ्र राहणार ना? मी सासरच्यांना शब्द दिलाय."

बाईंना लेकीशी खोटं बोलवेना. "ऋजू, आपणच तुरळक निघालो गं."

ऋजुताने आत डोकावलं. बाकावरचे तिघे अवघडून उभे राहिले. ती खुदकन हसली. "अय्या! मग त्यांना ताटकळत काय ठेवलंस? बोलाव की."

बाईंचा जीव भांड्यात पडला.

"आम्ही कुणीकडचे म्हणायचे?" बर्फाने दारात थांबून विचारलं.

"मुलीकडचे," बाई ताठ मानेने म्हणाल्या.

म्हणून ते मुलीच्या बाजूलाच पडले. ऋजुता गुडघाभर बर्फात हसत उभी होती, तिच्या मामांच्या फेट्यांवर गारा ताडताड वाजत होत्या, आणि अंतरपाटापलीकडे नवरदेव उन्हात घाम पुसत होता. गोठत्या पावसाला जागा उरली नाही, तो अंतरपाटावरच पडला. गुरुजींनी शेवटचं मंगलाष्टक संपवलं, वाजंत्री सुरू झाली, आणि अंतरपाट धरणाऱ्या दोघांनी हात काढून घेतले.

अंतरपाट तसाच उभा राहिला.