दौलतरावांच्या शब्दाखातर

प्लेगच्या पहिल्या हिवाळ्यात डिलाईल रोडच्या चाळी ओस पडू लागल्या. रघू गिरणीत मागावर कामाला होता. त्याच्या बायकोनं, शांतीनं, रत्नागिरीच्या बोटीसाठी बोचकं बांधून ठेवलं होतं. त्याच संध्याकाळी दौलतराव चाळीत आले. मालकांसमोर कामगारांची बाजू मांडणारा हा माणूस; गिरणगावात त्यांचा शब्द खाली पडत नसे.

ते म्हणाले, "पळू नका. मीही बायकामुलांसकट मुंबईतच आहे."

घरी येऊन रघूनं बोचकं सोडलं. शांतीनं लुगडी पुन्हा खुंटीवर टाकली.

महिन्याभरात तिच्या काखेत गाठ आली. इस्पितळात दौलतरावांची ओळख उपयोगी पडेल म्हणून रघू गिरगावात त्यांच्या घरी धावला. दाराला कुलूप होतं. शेजारच्या सुमतीबाई म्हणाल्या, मंडळी तर दिवाळीतच नाशकाला गेली, मागून दौलतरावही गेले. दिवाळी म्हणजे चाळीतल्या त्या भाषणाच्याही आधी.

शांती वाचली नाही.

दोन वर्षांनी शरदचंद्र नावाचे वकील रघूला शोधत आले. ते दौलतरावांचं चरित्र लिहीत होते. रघूनं त्यांना कुलपासकट सगळं सांगितलं. शरदचंद्रांचे डोळे भरून आले. सगळं जसंच्या तसं लिहीन, असा शब्द त्यांनी दिला. कुणीतरी ऐकून घेतलं म्हणून रघूला हलकं वाटलं.

गिरगावात दौलतरावांचा सत्कार झाला, तेव्हा रघूला पुढं बसवलं होतं. शरदचंद्र चरित्रातून वाचू लागले. थोर पुरुषाच्या एका शब्दावर शांती नावाच्या गरीब स्त्रीनं गावची वाट सोडली आणि हसतमुखानं मरण पत्करलं, असं त्यात होतं. टाळ्या पडल्या. दौलतरावांनी मान खाली घातली.

रघू उठून म्हणाला, "तिला जायचं होतं." टाळ्यांत ते कुणाला ऐकू गेलं नाही. मागच्यांनी त्याला खाली बसवलं.

सभा संपल्यावर त्यानं शरदचंद्रांना गाठलं.

"अरे, त्यांच्या शब्दावर माणसं थांबली, हे खोटं आहे का?" शरदचंद्र हळू आवाजात म्हणाले. "माणूस मोठा ठरतो तो यावरूनच. कुलपाचं लिहून कुणाचं भलं होणार?"

"मग तिचं नाव तरी काढा."

"तिच्याशिवाय ते कुणाला पटायचं नाही, रघू."

पुस्तक निघाल्यावर चाळीतल्या बाया पोरींना शांतीची गोष्ट सांगू लागल्या. रघूनं कुणाला अडवलं नाही. त्यानं बिऱ्हाड भायखळ्याला हलवलं. तिथं तिला कुणी ओळखत नव्हतं.