दुसऱ्या रांगेतली दाद

मालक गेले, आणि जो तो एकच गोष्ट सांगत सुटला : मालकांचा कान! पत्र्याचे डबे करणारा माणूस, पण गाण्यातलं काय कळायचं म्हणून सांगू! त्यांनीच बांधलेल्या सभागृहात शोकसभा होती आणि मुंगी शिरायला जागा नव्हती. बँकेचे मॅनेजर बोलले, व्यापारी संघाचे अध्यक्ष बोलले, दोघांनीही घोळवून घोळवून कानाचंच कौतुक केलं. दुसऱ्या रांगेत बसलेल्या मालकांच्या लेकीला मान वर करवेना.

कारण मालक बहिरे होते. थोडेथोडके नव्हे, ठार बहिरे.

उभी हयात प्रेस मशीनच्या दणदणाटात गेलेली. कामगारांनी कानात बोळे घातले नाहीत तर अंगावर धावून जायचे, आणि स्वतः मात्र तसेच फिरायचे. आता बोला! कारखान्यात त्या आवाजात सगळेच हातवारे करून बोलत, त्यामुळे तिथे कुणाला पत्ता लागला नाही. बाहेर ते समोरच्याच्या ओठांवरून बोलणं ओळखून वेळ निभावत. कळलं ते फक्त लेकीला. गाण्याला ती त्यांच्या शेजारी बसायची, आणि एखादी जागा जमून आली की मांडीवरच्या कोटाखाली त्यांच्या मनगटावर हलकेच बोट दाबायची. मालक मान डोलवायचे. गाणं हे तिचं लहानपणापासूनचं वेड, पण तिला विचारतो कोण? ती आपली कारखान्याच्या ऑर्डरी बघणारी.

एकदा वैतागून तिने खुणांनी विचारलं होतं, ऐकू येत नाही तर बसता कशाला?

"अगं, मी घरी बसलो तर माझ्यामागे सगळा बाजार घरी बसेल," मालक म्हणाले. "मग खुर्च्या कोण भरणार, तुझा काका?" आणि तिच्याकडून शब्द घेतला. "बाईंच्या कानावर जाता कामा नये. फार लागेल त्यांना."

बाई म्हणजे गाणाऱ्या बाई. मालकांनी त्यांना इथे आणलं, राहायला घर दिलं, शिकवणीला सभागृहातल्या दोन खोल्या दिल्या. भाषणं संपली की त्या गाणार होत्या. मध्येच लेक त्यांना चहा द्यायला मागच्या खोलीत गेली.

"आज गाते, आणि बस्स," बाई म्हणाल्या. "शिकवणीही बंद. ज्याच्यासाठी गायचे तो कान गेला."

"बाई, असं नका ना बोलू."

"मग काय बोलू? बाकीच्यांचं काय सांगतेस! दार आपटलं तरी टाळ्या वाजवतील मेले."

कप लेकीच्या हातातच राहिला. सांगावं तर बाबांचा शब्द मोडायचा, तोही त्यांच्याच शोकसभेत. गप्प बसावं तर हे गाणं कायमचं बंद. तिने कप खाली ठेवला.

"बाबांना ऐकू येत नव्हतं. तुम्ही इथे आलात, त्याच्याही आधीपासून."

"चेष्टा करतेस? आज?"

तिने सगळं सांगितलं. बाई संतापाने लाल झाल्या. "म्हणजे इतकी वर्षं मी भिंतीपुढे गळा काढत होते! आणि तुम्ही बापलेक मजा बघत होतात!"

"मजा नव्हती हो बाई. तुमचं नावसुद्धा मीच सुचवलं होतं त्यांना."

बाईंनी पाठ फिरवली. भिंतीकडे बघतच त्या म्हणाल्या, "मागे एकदा सगळं सभागृह उभं राहिलं होतं. मालक हलले नाहीत. मी महिनाभर नीट जेवले नाही."

"शेवटी तुमचा सूर ढळला होता. तुम्ही पुढची तान जोरात घेऊन ते झाकलंत." लेक चाचरली. "मी बोट नाही दाबलं."

"जाताना दार लावून घे," बाई म्हणाल्या.

लेक जागेवर येऊन बसली. झालं! बाबांचा शब्द गेला, आणि गाणंही गेलं. आपल्या जिभेला हाड नाही, असं तिने स्वतःला शंभर वेळा ऐकवलं.

पण बाई आल्या. कुणाला काही न सांगता बसल्या आणि दुसऱ्या रांगेकडे बघून त्यांनी सूर लावला. तिथे मालकांची रिकामी खुर्ची होती, तिच्यावर फुलं ठेवलेली. बाई खुर्चीकडेच बघताहेत असं समजून सभागृहभर रुमाल निघाले.

लेकीने सवयीने हात बाजूला नेला. हाताला फुलं लागली. इतके दिवस माणसांची उठबस, फोन, गाड्या, हार, या सगळ्यात तिला रडायलाही फुरसत मिळाली नव्हती. आता एकदम बांध फुटला. बाबा नाहीत. आता कधीच नाहीत. ती ओंजळीत तोंड लपवून हमसून हमसून रडायला लागली, आणि पुढे काय गायलं जातंय ते तिला ऐकूच येईना.

अचानक गाणं थांबलं. साथीदार गोंधळले. लेकीने डोळे पुसून वर बघितलं, तर बाई थेट तिच्याकडेच बघत होत्या, परीक्षेला बसलेल्या मुलीसारख्या कावऱ्याबावऱ्या.

"नाही ना जमलं?" बाई म्हणाल्या. "थांब हं. पुन्हा घेते."