टबातल्या पाण्याची रेघ

माझ्या नजरेला तिरपं खपत नाही. तीस वर्षं शिलाईचं मशीन चालवतेय. झग्याचा घेर एका बाजूला दोन दोरे जरी उतरला, तरी उसवल्याशिवाय मला चैन पडत नाही. गिऱ्हाईकं म्हणतात, "बाई, एवढं कोण बघतंय?" मी म्हणते, मी बघतेय ना. अशी मी, आणि मला त्या टबातलं पाणी तिरपं दिसलं तरी मी तोंडाला कुलूप लावून बसले. का बसले ते सांगायचं तर आधी आमच्या ह्यांचं सांगायला हवं.

हे छापखान्यात मशीनवर होते. छापखाना बंद झाला, आणि हे घरी येऊन पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसले ते अकरा महिने. दाढी नाही, बोलणं नाही, समोर ठेवलेला चहा गार व्हायचा. शिवता शिवता मी मान वळवून बघायची, श्वास चाललाय ना. कपडे पोचवायला बाहेर गेले की परत येताना शेवटच्या जिन्यावर मी थबकायची. दार उघडल्यावर काय दिसेल, ही भीती मी कुणालाच सांगितली नाही.

मग एक दिवस ह्यांनी माझी कपडे भिजवायची बादली पळवली. मोबाइलवर कुणाचा तरी व्हिडिओ बघितला होता: खाली मासे, वर भाजी, माती नावालाही नाही. बादलीत बोटाएवढे चार तिलापिया मासे सोडले, वर भोकं पाडलेली टोपली, टोपलीत खडी, खडीत पालकाची रोपं. छोटा पंप माशांचं पाणी वर चढवायचा, ते खडीतून झिरपत परत खाली पडायचं.

"माशांची घाण म्हणजे झाडांचं खाणं," ह्यांनी मला समजावलं, "आणि झाडं पाणी साफ करून परत देतात."

"म्हणजे घरात काम करणारे आता मासेच," मी म्हटलं.

हे हसले. अकरा महिन्यांनी हसले. त्या हसण्यासाठी मी बादली काय, मशीनसुद्धा देऊन टाकलं असतं.

ते चार मासे आठवड्यात मेले. पाण्यात घाण पचवणारे जंतू तयार व्हायला महिनाभर लागतो, ह्यांनी घाई केली होती. मला वाटलं, झालं, आता पुन्हा ती भिंत. पण हे थांबले. रोज सकाळी काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, त्यात औषधाचे थेंब टाकायचे आणि नळी उजेडात धरायची. "अजून हिरवंच आहे," असं रोज म्हणायचे. आणि एका सकाळी मला शिवणावरून ओढत नेलं, "बघ, बघ, पिवळं! पाणी तयार झालं!" त्या दिवशी ह्यांनी दाढी केली.

मग बादलीचा टब झाला. लोखंडी चौकटीवर ठेवलेला, माणूस आडवा मावेल एवढा, पाचशे लिटरचा. वर खडीचे दोन वाफे. मासे विकणारा दुकानदार म्हणाला होता, "दादा, भिंतीला लावून ठेवा, कठड्याकडे नको. पाणी जड असतं." पण भिंतीपाशी ऊन येत नव्हतं. आमची गॅलरी तिसऱ्या मजल्यावरची, आधाराशिवाय बाहेर काढलेली. टब बसला कठड्याला चिकटून, ऐन टोकाला. पालक, पुदिना, टोमॅटो अशी काही तरारली की समोरच्या इमारतीतली माणसं खिडकीतून विचारायची, खत कुठलं घालता म्हणून. ह्यांची छाती फुगायची.

टबाच्या आतून, काठाखाली चार बोटांवर, गोल फिरलेली रेघ होती. पाणी त्या रेघेपर्यंत भरायचं. पंधराव्या-विसाव्या दिवशी मासे बघता बघता माझी नजर अडकली. भिंतीकडे पाणी रेघेच्या जरासं खाली होतं आणि कठड्याकडे रेघेच्या जरासं वर. पाणी कधी तिरपं होत नसतं. तिरपा झाला होता तो टब.

छापखान्यात मशीन डुलायला लागलं की हे पहारीनं एक पाय उचलायचे आणि खाली पाचर सारायचे. मी डबा द्यायला जायची तेव्हा बघितलेलं. हे माशांचं खाणं आणायला गेल्यावर मीही तेच केलं: ह्यांचीच पहार घेतली, कठड्याकडच्या दोन पायांखाली फरशीचे दोन पातळ तुकडे सारले. रेघ जुळली. मनाशी म्हटलं, चौकटच वाकडी असणार, लोहारानं फसवलं. दहा दिवसांनी पुन्हा दोन तुकडे घातले. आठवड्यानं पुन्हा दोन. उंबऱ्याशी फरशीला बारीक चीर पडली होती, तिच्यावर पायपुसणं सरकवलं. मला कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही. मला कळत होतं, आणि मी मोजतही होते: दीड बोट. दीड बोटानं काय होतंय, असं मी स्वतःला बजावत होते.

आमच्या खाली मास्तरीणबाई राहतात. शाळेतून निवृत्त झाल्या, आता दुपारी चार वाजता पाच पोरींची शिकवणी घेतात. वारा येतो म्हणून पोरी गॅलरीत बसतात, आमच्या गॅलरीच्या बरोबर खाली. त्यांचे पाढे माझ्या मशीनपर्यंत ऐकू येतात. परवा मास्तरीणबाई जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, "गॅलरीचं दार फुगलंय हो. सुताराकडून तीनदा रंधा मारून घेतला, तरी घासतंच." मी म्हटलं, दमट हवा आहे. आणि पाय उचलून वर आले.

त्यानंतर दोन दिवसांनी दुपारी माझ्या हातून निळ्या दोऱ्याचं रीळ पडलं. आमच्या घरात पडलेलं रीळ नेहमी गॅलरीकडेच गडगडत जातं; मी त्याला शिव्या घालते आणि आणायला जाते. या वेळी ते उंबरा ओलांडून थेट चौकटीखाली शिरलं. मी पोटावर आडवी होऊन हात घातला. समोर कठड्याकडचा पाय होता. त्याखाली माझे फरशीचे तीन तुकडे होते. आणि तुकड्यांच्या मधे मधे पत्र्याच्या पट्ट्या होत्या. पट्ट्या मी घातल्या नव्हत्या. मी मोजल्या. आठ निघाल्या.

मी उठले तर हे दारात उभे होते. हातात माशांच्या खाण्याची पुडी.

"हे पत्रे तुम्ही घातलेत?"

"कधी बघितलंस?"

"आत्ता. फरशीचे मी घातलेत."

हे वाकून बघायला लागले. "फरशीचे? मला वाटलं पहिल्यापासूनचेच आहेत... माझ्या हिशेबानं दीड बोट उतरलंय फक्त."

"माझ्याही," मी म्हटलं.

दोघांनी टबात बघितलं. दीड आणि दीड. पाणी अगदी रेघेला लागून होतं.

"का नाही सांगितलंत?"

"तू सगळं काढायला लावलं असतंस. मग मी सकाळी उठून काय करणार होतो?" हे म्हणाले. मला राग आला, रडूही आलं, कारण मीही त्याचसाठी गप्प होते. आणि तेवढ्यात खालून पाढा सुरू झाला. सात एके सात.

"कॉक सोडा," मी ओरडले. "सगळं पाणी सोडा!" आणि अनवाणी खाली पळाले.

मास्तरीणबाई गॅलरीच्या दाराची कडी दोन्ही हातांनी ओढत होत्या. "अहो, पोरी बाहेर बसल्या नि दार लागलं ते लागलंच! त्या हसताहेत मला, बाईंना कोंडलं म्हणून." दाराच्या काचेतून पाचही जणी दिसत होत्या. त्यांच्या डोक्यावर आमच्या गॅलरीच्या पोटाला आडवी भेग गेली होती, बोट जाईल एवढी. तिच्यातून एक तांबूस थेंब सुटला आणि दोन वेण्यांच्या पोरीच्या वहीवर पडला. दाराची वरची चौकट दारावर घट्ट बसली होती.

तेवढ्यात वरून पाण्याची धार पडायला लागली. पोरी किंचाळल्या आणि भिजायला कठड्याकडे धावल्या.

"मागे! भिंतीला पाठ लावा सगळ्यांनी!" मी काचेवर हात आपटला. "हलायचं नाही. पाढा म्हणा. आठचा!"

माझा अवतार बघून त्या गपचूप भिंतीला चिकटल्या. आठचा झाला. नऊचा झाला. आम्ही दोघी कडी धरून ओढत होतो, माझे तळहात सोलवटले. बारीक चुना पोरींच्या केसांवर पडत होता. मास्तरीणबाईंनी वर बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. त्या पुन्हा कडी ओढायला लागल्या. अकराचा पाढा अर्धा झाला, धार बारीक झाली, आणि वरचं वजन उतरलं तसं दार करकरत सुटलं. मी एकेकीला दंडाला धरून आत ओढलं. पाच. पुन्हा मोजल्या, पाचच.

मी धावत वर आले. हे अजून गॅलरीतच, रिकाम्या होत आलेल्या टबात वाकलेले, हातात चहाची गाळणी.

"आत या."

"दोनच राहिलेत."

"आत या म्हणतेय ना!"

ह्यांनी दोन्ही मासे पकडले, बादलीत टाकले आणि बादली घेऊन आत आले. बादली मशीनशेजारी ठेवली. मग पलंगावर जाऊन बसले. भिंतीकडे तोंड करून.

पोरी वाचल्या आणि हा माणूस पुन्हा गेला, असं वाटलं. जवळ जाऊन बसावं म्हणून पाऊल टाकलं आणि वाटेत बादलीकडे नजर गेली. तीच ती माझी कपडे भिजवायची बादली, काठाखाली निळा पट्टा असलेली. बादली गॅलरीत नव्हती. घराच्या मधोमध होती. आत मासे शांत झाले होते, पाणी स्थिर होतं. पलंगाच्या बाजूला ते पट्ट्याच्या खाली होतं. गॅलरीच्या बाजूला पट्ट्याच्या वर.

वर्षभर रिळं एकाच बाजूला गडगडत होती, आणि मी रिळांना शिव्या घालत होते.

"उठा," मी म्हटलं. ह्यांनी मान वळवली नाही. मी दंड धरून उभं केलं, चेहरा हातात धरून बादलीकडे वळवला. मशीनवरच्या माणसाला वेगळं सांगावं लागलं नाही. ह्यांनी पाण्याकडे बघितलं, मग पायाखालच्या फरशीकडे.

"खाली मास्तरीणबाई आहेत, पोरी आहेत," मी म्हटलं. "प्रत्येक मजल्यावर दार ठोकायचंय. तुम्ही डावीकडची, मी उजवीकडची."

हे निघाले. दारातून दोन पावलं मागे आले.

"बादली घेऊ?"

"घ्या," मी म्हटलं, "पण चला आता."