बटाट्यावरचं लुगडं

थंडी आता सरली म्हणून लोकांनी शेकोट्या बंद केल्या आणि तिनं जाता जाता माघारी वळून एक तडाखा दिलाच. शिवरात्र आठ दिवसांवर आलेली, आंबा मोहरलेला, अन् पहाटे ओढ्याकाठच्या रानात दहिवर गोठून पांढरं झालेलं!

दिवस कासराभर वर आला तेव्हा राहीबाई आपलं लुगडं शोधत रानात आली. काल तिनं ते पाटात धुऊन बटाट्याच्या झाडांवर दुपदरी पसरलं होतं. सांजेला म्हैस व्याली, त्या धावपळीत ते तिथंच राहिलं.

बांधावर येताच तिचे पाय थबकले. काल हिरवंगार असलेलं अर्धा एकर पीक काळं पडलं होतं. शेंडे उकडलेल्या भाजीसारखे माना टाकून लोंबत होते. मधोमध तिचा नवरा मच्छिंद्र सुन्न उभा होता आणि शेजारच्या वावरातून धाकटा दीर कारभारी ओरडत होता.

"दादा, करपा हाय ह्यो! बघत काय ऱ्हायलास? उपट समदं अन् दे पेटवून. न्हाईतर उंद्या माझ्या तंबाट्यात शिरंल!"

कारभारी नगरला शेतकीचा मेळावा बघून आला होता. तिथून त्यानं एक लाल फेटा आणला आणि पानापानांत रोग बघायची खोडही आणली. मागच्याच महिन्यात भिंत रंगवताना कारल्याच्या वेलावर चुन्याचे शिंतोडे उडाले, तर त्यालाही त्यानं भुरी रोग ठरवलं होतं.

मच्छिंद्रानं एक झाड उपटलं. मुळाला गोटीएवढे चार बटाटे.

"म्हशीच्या दाताला बी लागायचं न्हाईत," तो म्हणाला आणि दुसऱ्या झाडाला हात घातला.

राहीबाई झपाझप सरीत शिरली. कांद्याचं रोप जळालं तेव्हा तिच्याच हट्टानं हे बटाटे लावले होते. बेणं तिनं मिरजगावाहून, माहेरून, एसटीच्या टपावर घालून आणलं होतं. अजून महिनाभर मिळाला, तर एकेक बटाटा मुठीएवढा होणार होता.

"थांबा वाईच! माझं लुगडं तर काढू द्या. तुडवाल."

"हितं पीक चाललंय, अन् वैनीला लुगड्याचं पडलंय," कारभारी म्हणाला.

दहिवरानं लुगडं पापडासारखं ताठ झालं होतं. राहीबाईनं ते कडाकडा वाजवत उचललं आणि तशीच उभी राहिली. खाली लुगड्याच्या मापाचा हिरवागार पट्टा होता. एका पानाला डाग नव्हता.

"अवं, हिकडं या बरं!"

"तिथवर रोग पोचला नसंल अजून," कारभारी म्हणाला.

"चहूकडं काळं अन् मधी हिरवं! तुमचा रोग काय लुगडं बघून लाजला व्हय भावजी? वळसा घालून गेला?"

मच्छिंद्र खुदकन हसला. सकाळपासून पहिल्यांदाच. राहीबाई खाली बसली आणि भाजी निवडावी तशी एकेक पान उलटून दाखवू लागली.

"बापाच्या रानात करपा बघितलाय मी. आदी ठिपकं पडत्यात, पानाखाली पांढरी बुरशी येती, मग त्यो पसरत जातो. ह्यो एका रातीत आला. शेंडं काळं, बुडाची पानं हिरवी. त्या बोरीखाली बघा, तिथलं बी हिरवं. उघड्यावर व्हतं तेवढंच भाजलं. ही थंडी हाय. बुडातनं फुटवा यील, फकस्त उपटू नगा."

त्या सांजेला घरातली लुगडी, धोतरं, गोधड्या, पोती असं सगळं बटाट्यावर पसरलं. बांधावरून जाणाऱ्या गावातल्या सहादेवानं विचारलं, "काय राहीबाई, रानाचं लगीन काढलंय का?"

"व्हय, अक्षता घिऊन या!"

कारभारी लांबूनच बघत होता. पण त्याच्याही तंबाट्यांचे ओढ्याकडचे शेंडे काळवंडलेच होते. अंधार पडता पडता, कुणी बघत नाही असं बघून, त्यानं डोक्याचा लाल फेटा सोडला आणि एका सरीवर लांबच लांब पसरला.

शिवरात्रीला बटाट्याच्या बुडाशी कोवळे फुटवे दिसले. होळी झाली, पाडवा आला, अन् मच्छिंद्रानं कुदळ मारली तर मातीतून मुठीएवढे बटाटे निघाले. राहीबाईनं त्यातले निवडून एक पाटी भरली आणि जाऊ छबूबाईच्या हातात दिली.

"भावजींना सांग, करप्याचं बटाटं हायती. जपून खा म्हनावं."

सांजेला पाटी रिकामी परत आली. तळाशी चार लालभडक तंबाटी होती, घडी घातलेल्या फेट्यात गुंडाळलेली.