अक्कांचे चार दिवस

अक्का मला दिसतात त्याच्या आधी ऐकू येतात. वैशाखाचं ऊन पांढरंफटक पडलेलं, अकोल्याच्या जुन्या शहरातल्या आमच्या गल्लीत पाखरूही फिरकत नसे, आणि अशा त्या निःशब्द प्रहरी मी भीतभीत कढईत मोहरी टाकली की मागच्या छपरीतून एक भरघोस, खणखणीत स्वर भिंत ओलांडून येई, "तेल तापलं नाई व अजून! मोहरीले का पोहाले टाकलं तू?" त्यांना कढई दिसत नसे. नुसत्या आवाजावर आणि वासावर त्या माझ्या पाककलेची चिकित्सा करीत, आणि निदान कधीही चुकत नसे.

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. वय चव्वेचाळीस, रुंद कपाळ, त्यावर ठसठशीत कुंकू, आणि बोलताना उजवा हात असा फिरे की समोर परात आहे नि तीत गोळा मळला जातो आहे असं वाटावं. त्यांचं हसणं आधी खांद्यांत सुरू होई, मग पदरात शिरे, आणि आवाज फुटेपर्यंत समोरचा माणूस हसून दमलेला असे. पहाटेच्या निळसर उजेडापासून दिवेलागणीपर्यंत त्या घरभर वाहत असत. बसून पाणी पिताना त्यांना कुणी पाहिलं नव्हतं.

कुणी पाहिलं नव्हतं ते फक्त घरात. महिन्याचे चार दिवस बाईनं चुलीला, देवाला, पाण्याच्या माठाला शिवायचं नाही, कवेलूंच्या, म्हणजे कौलांच्या, मागच्या छपरीत बाजूला बसायचं, हा रिवाज आमच्याकडे होता, आणि तो सगळ्यांत काटेकोरपणे अक्काच पाळीत. अमरावतीच्या कॉलेजात दोन वर्षं काढून त्या घरात आलेली मी त्यावर मनातल्या मनात चिडत असे. मग एकदा ताट द्यायला गेले आणि पाहिलं, तर अक्का पाय लांब करून, पाठीशी गोधडीची गुंडाळी घेऊन, वाचनालयाची कादंबरी नाकाशी धरून बसल्या होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर माहेरी आलेल्या लेकीचं सुख होतं. पुस्तकाला शिवलेलं चालतं का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "कागदाले कायचा विटाळ? छापखान्यात कोन कोनाले शिवते, कोनं पायलं?"

एकोणीसशे साठ साल उलटलं आणि त्या चार दिवसांचे सहा झाले, मग नऊ, आणि एका उन्हाळ्यात पुरता पंधरवडा. घरी माझ्या हातच्या भाकरी खाऊन सगळे हवालदिल झाले. अक्का मात्र कादंबऱ्यांवर कादंबऱ्या संपवीत होत्या, आणि त्यांच्या नखांचा रंग हळूहळू उतरत चालला होता. मोर्णा नदीच्या पुलावर त्या आताशा तीनदा थांबत, दम लागला असं म्हणत नसत, कठड्याला टेकून म्हणत, "पाय ना, पानी किती कमी झालं." मी पाण्याकडे न पाहता त्यांच्या ओठांकडे पाही, आणि मला भीती वाटे.

माझे भासरे, म्हणजे अक्कांचे यजमान, दादा, कापसाच्या बाजारात प्रतवारी करीत. चिमूटभर कापूस दोन्ही हातांच्या चिमटीत धरायचा, ओढायचा, आणि धागा किती लांब निघेल ते सांगून टाकायचं, यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. पण बायकोच्या शरीराविषयी एक शब्द उच्चारायचा म्हटलं की त्यांची जीभ टाळूला चिकटे. त्यातून धाकट्या भावाच्या बायकोशी थेट बोलायचं नाही ही मर्यादा. शेवटी एके सकाळी त्यांनी मी उभी होते त्या दाराच्या चौकटीला उद्देशून सांगितलं, "बाईले अमरावतीले दाखवून आना. तो प्रकार काई बरा नाई." अकोल्यात डॉक्टर नव्हते असं नाही, परंतु अकोल्यात दाखवलं असतं तर 'तो प्रकार' संध्याकाळपर्यंत कापूस बाजारात पोचला असता.

मूर्तिजापूरला चहा घेत, एसटीच्या खिडकीतून ढेकळं फुटलेली काळी शेतं पाहत आम्ही दोघी अमरावतीला गेलो. डॉक्टरीणबाई पांढऱ्या सुती पातळातल्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी अक्कांची पापणी खाली ओढून पाहिली, आत नेऊन नीट तपासलं आणि बाहेर येऊन सांगितलं की गाठबीठ काही नाही. या वयात अंगातल्या संप्रेरकांचा तोल जातो, त्यानं हे होतं. मात्र अंगात रक्त उरलेलं नाही, आणि असे आणखी दोन-तीन महिने गेले तर ह्यांना परत आणणं माझ्या हाती नाही. मार्ग दोनच. एक तर पिशवी काढण्याचं ऑपरेशन, पण ते रक्त भरून आल्याशिवाय करायची छाती होत नाही. नाही तर संप्रेरकांच्या नव्या आलेल्या गोळ्या, महिन्यातले वीस दिवस, रोज एक, न चुकता. कुणाला मळमळतं, कुणाचं अंग भरतं. ठरवायचं तुम्ही.

 अक्कांनी खालच्या आवाजात विचारलं, "त्या गोयीनं सारंच बंद होईन का?"

डॉक्टरीणबाईंना वाटलं, बाई घाबरली. त्या समजुतीनं म्हणाल्या की बाईपणाला काही धक्का लागत नाही.

"बाईपन जाऊ द्या वो चुलीत," अक्का म्हणाल्या. "मी हे इचारून राहिली, चार दिवस बसाले भेटतीन का?"

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. त्या मला काही विचारणार होत्या. पण अक्कांच्या हातावरची पोळल्याचे डाग पाहून त्यांना बहुधा उत्तर मिळालं. "भेटतील," त्या म्हणाल्या. गोळ्या थांबवल्या की दोन-तीन दिवसांत पाळी येईल, आणि चार दिवसांत आटोपेल.

"पाच नाई होनार?"

"चारच."

"मंग द्या," अक्का म्हणाल्या. मेथीची जुडी घासाघीस करून घ्यावी तसा तो निर्णय झाला, आणि मी तोंडाला पदर लावला.

गोळ्यांनी खरोखर किमया केली. आषाढात अक्का चारच दिवस छपरीत बसल्या, श्रावणातही चारच. दृष्ट लागावी अशी लाली गालांवर परतली, आणि पुलावर त्या एकदाच थांबू लागल्या. हे सगळं गुपचूप झालं असतं तर अक्का कसल्या? त्यांनी गल्लीला सविस्तर सांगितलं. गोळी चालू आहे तोवर पाळी येत नाही, थांबवली की येते, हे एक वाक्य गल्लीतून असं फिरलं की तितक्या वेगानं कधी हळदीकुंकवाचं बोलावणंही फिरलं नसेल.

कारण भाद्रपद आला होता. गौरींना आमच्या वऱ्हाडात महालक्ष्म्या म्हणतात. सोळा भाज्या, आंबील, पुरण, आणि तीन दिवसांचं सोवळं. त्यात नेमकी घरच्या बाईची पाळी आली म्हणजे वर्षाची हौस छपरीत. तेव्हा बायका बोटांवर दिवस मोजत एकेक करून आमच्या मागच्या दारी येऊ लागल्या, आणि अक्का पदराच्या गाठीतून गोळ्या काढून देऊ लागल्या. कुणाला तीन, कुणाला चार. "देवाच्या कामाले नाई कसं म्हनू?" एकीनं ती गोळी हळदकुंकू वाहून देव्हाऱ्यात ठेवली आणि घ्यायची विसरली. मीही तीन घेतल्या, हे आज लिहायला हरकत नाही. अक्कांनीच हातावर ठेवल्या आणि मी, दोन वर्षं कॉलेजात गेलेली, निमूटपणे गिळल्या. अक्कांच्या वाट्याला त्या महिन्यात किती उरल्या हे मी विचारलंच नाही. दोन महिन्यांच्या मिळून आणलेल्या चाळीसांतल्या बारा उरल्या होत्या. त्या संपल्यावर त्यांनी स्वतःची समजूत काढली होती की शरीराला आता सांगून झालं आहे, रोज रोज काय सांगायचं.

पूजेच्या दिवशी सकाळी गल्लीतल्या यच्चयावत बायका सोवळ्यात होत्या, आणि एकट्या अक्का छपरीत. "असू दे," त्या म्हणाल्या, "मी इथून सांगतो." आणि सांगू लागल्या. डाळ शिजली की नाही, आंबील कुणी ढवळायची, कटाला चिंच किती. एका बाजूला बसून त्या तीन घरांचा स्वयंपाक नुसत्या आवाजावर चालवीत होत्या. उदबत्तीचा धूर, वाटल्या जाणाऱ्या पुरणाचा गोड वास, बांगड्यांची किणकिण, आणि त्या सगळ्यांच्या वर तो स्वर. मी पुरणात जायफळ किसून घातलं आणि किती घातलं हे ओरडून सांगितलं. उत्तर आलं नाही.

मी पुन्हा सांगितलं. छपरी गप्प होती. इतक्या वर्षांत ती कधी गप्प राहिल्याचं मला आठवत नव्हतं.

न्हालेली, सोवळ्यातली मी तशीच पुरणाच्या हातांनी धावले. अक्का कुशीवर कलंडल्या होत्या, खालची गोधडी भिजली होती आणि कपाळ गार पडलं होतं. मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. शिवायचं नव्हतं हे मला नंतर आठवलं. माझ्या मागोमाग शेजारणी आल्या. एकीनं पाय चोळले, एकीनं कांदा फोडून नाकाशी धरला, एकीनं धुतलेल्या पदरानं वारा घातला. ज्यांनी अक्कांच्या गोळ्या घेऊन सोवळं राखलं होतं त्या सगळ्या जणी एका क्षणात अक्कांना शिवून ओवळ्या झाल्या, आणि त्या क्षणी ते कुणाच्या गावीही नव्हतं. दादा देवघरातून उठून आले. त्यांनी बायकोला दोन्ही हातांवर उचललं, गल्लीदेखत, आणि चौकटीला नव्हे तर मला म्हणाले, "महालक्ष्म्या थांबतीन. टांगा आना."

महालक्ष्म्या थांबल्या. नैवेद्य सूर्य कलल्यावर, पुन्हा आंघोळी करून दाखवला गेला. तोवर दवाखान्यातून अक्का शुद्धीवर आल्याचा निरोप आला होता. आणि त्यासोबत त्यांचा प्रश्नही, की पुरण सैल तर नाही झालं?

पंधरा दिवसांनी आम्ही पुन्हा अमरावतीला, ह्या वेळी दादांसह. डॉक्टरीणबाईंनी गोळ्यांचा हिशेब विचारला. अक्का म्हणाल्या, "गल्लीच्या महालक्ष्म्या पार पाडल्या, बाई." डॉक्टरीणबाई त्यांना काही बोलल्या नाहीत, मला बोलल्या, आणि ते मी अजून विसरलेले नाही. दादा खुर्चीच्या कडेवर बसून घामाघूम झाले होते. एकाएकी ते म्हणाले, "हिची पाळी," आणि थांबले. तो शब्द उच्चारूनही छत कोसळलं नाही याचं त्यांना आश्चर्य वाटलं असावं. "हिच्या पाळीनं ही जाईन. पिशवी काढून टाका. मले ही पाहिजे."

अक्कांनी नवऱ्याकडे पाहिलं. लग्नाच्या अठ्ठावीस वर्षांत असं काही त्यांनी ऐकलं नव्हतं. मग डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या, "गोयीच द्या. सगयी मीच खाईन. आता मले मराचं नाई."

त्या दिवसापासून रोज सकाळी दादा स्वतः गोळी देत. कापसाचा धागा पारखावा तशी ती चिमटीत धरून उजेडात पाहत, अक्कांच्या तळहातावर ठेवीत, आणि घोट गळ्याखाली उतरेपर्यंत समोरून हलत नसत. वर्ष-सव्वा वर्ष हे चाललं. गल्लीतल्या बायकांनी पुन्हा कधी मागितल्या नाहीत. गोळ्या थांबल्या, नखं गुलाबी राहिली, आणि पुढे तीनेक वर्षांनी निसर्गानंच आपलं आवरलं.

त्यानंतरच्या महिन्यात, एका सकाळी, अक्कांनी गोधडी उचलली, कादंबरी काखेत मारली आणि जाहीर केलं, "आज मी बाजूले बसतो." मला ठाऊक होतं की आता बाजूला बसण्याचं कारण उरलेलं नाही. दादांनाही ठाऊक होतं. त्यांनी माझ्या हातचा चहा मुकाट्यानं घेतला. पुढल्या महिन्यात पुन्हा चार दिवस. त्याच्या पुढल्या महिन्यात पुन्हा. पन्नाशी गेली, साठी गेली, घरात नवीन सुना आल्या आणि त्या एकमेकींना कोपरं मारून हसल्या. पण थोरल्या सासूबाईंना विचारायचं कुणी आणि काय? अक्का पाय लांब करून वाचत राहिल्या.

त्यांना जाऊन आता कितीतरी ऋतू लोटले. आमच्या घरात कुणी बाजूला बसत नाही, आणि ते चांगलंच झालं. पण मी दमले, म्हणून बसते, एवढं वाक्य उच्चारायला मला साऱ्या आयुष्यात जमलं नाही, आणि म्हणून अक्का आठवल्या की रडू येण्याआधी मला त्यांचा हेवा वाटतो.