मुगीचे डोळे

टेकडीवरचं डबकं आटलं म्हणून पार्मुआत आपल्या मुगी गाईला पाणी पाजायला खाली घेऊन आला होता. आता आल्या वाटेनं परत चढायचं, एवढंच काम. पण त्याच्या गुडघ्यांनी केव्हाच हात टेकले होते.

खाली अभयारण्याचं माळरान हिरवंगार होतं आणि विल्डेबीस्ट या रानटी हरणांच्या माद्या तिथं व्यायल्या होत्या. त्यांची पिल्लं जन्मतात, वार पडते, तिथलं गवत गाईनं खाल्लं, की काही आठवड्यांनी तिचे डोळे पांढरे होतात आणि गाय हातची जाते. म्हणून गवत अगदी गोड असतं तेव्हाच मसाई आपली गुरं वर नेतात, वाळक्या काड्या चघळायला. सिंहाशी एक वेळ जमवून घेता येतं, या तान्ह्या पिल्लांशी नाही.

घरात दुभती एकटी मुगीच उरली होती. पार्मुआतची लेक बाळंतपणात गेली होती. तिची तान्ही नाइसुला याच दुधावर जगत होती. आजी नेमायान दोन सड नातीसाठी पिळायची, दोन वासरासाठी सोडायची.

गुरांच्या तुडवून उघड्या पडलेल्या, बिनगवताच्या पायवाटेजवळ पर्यटकांची गाडी थांबली होती. ड्रायव्हर सानिंगो पार्मुआतच्याच कुळातला. त्यानं रीतीप्रमाणे खिडकीतून डोकं पुढं केलं, म्हाताऱ्यानं त्याला आशीर्वादाचा हात लावला.

"आजोबा, गाय जरा बाजूला घ्या ना. पाहुण्यांना फोटोत गाय नकोय."

"का? तिनं काय त्यांचं घोडं मारलंय?"

"त्यांना नुसतं रान हवंय. गाई त्यांच्या घरीपण आहेत."

"मग आम्ही कोण, पाहुणे?"

सानिंगो हसला. वाद घालायला अंगात त्राण लागतं, ते पार्मुआतकडं नव्हतं. त्यानं मुगीला वाटेखाली गवतात लोटलं, काठीवर भार टाकला आणि डोळे मिटले. जरासेच.

उघडले तेव्हा मुगी अधाशासारखी चरत होती. तिच्या पुढ्यात ओली वार पडली होती. सानिंगोनंही ती पाहिली आणि त्याचा चेहरा उतरला. मागे कॅमेरे वाजत राहिले.

घरी पार्मुआतनं तोंड उघडलं नाही. रोज सकाळी नेमायान धार काढायला बसली, की तो मुगीच्या तोंडाशी जाऊन उभा राही.

"काय एवढं तिच्या डोळ्यांत बघता? माझ्याकडं नाही कधी असं बघितलंत."

"तू थांबतेस कुठं बघण्याइतकी?"

असे बरेच दिवस गेले. मग एका सकाळी मुगीनं मान खाली टाकली. तिच्या डाव्या डोळ्यावर साय धरली होती.

"नेमायान, तुला एक सांगायचंय."

"नका सांगू. सानिंगो त्याच दिवशी पायी चढून आला होता. रडला माझ्यापुढं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही किती दमला होतात. आणि बोलून काय झालं असतं?"

ती पुन्हा कासेकडं वळली. दावणीचं वासरू हंबरत होतं. त्या सकाळी तिनं चारही सड पिळले.