सोडणे या अर्थाचे पाच शब्द

बन्सीलाल सरांनी पाचोऱ्यात एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं आणि एकतीस वर्षांत त्यांना कोणी चूक दाखवली नाही. दाखवणार तरी कोण? सरांची एक जाडजूड वही होती. तिच्यात प्रत्येक क्रियापदाखाली त्याची सगळी भावकी मांडलेली. ‘लीव्ह’खाली क्विट, डेझर्ट, अबँडन, फॉरसेक, आणि सगळ्यांपुढे अर्थ एकच: सोडणे. ‘लीव्ह काय, पानटपरीवालाही म्हणतो,’ सर वर्गात सांगत, ‘शिकलेल्या माणसाने वजनदार शब्द वापरावा.’ पोरं पाठ करत आणि पास होत.

सर निवृत्त झाल्यावर पाच वर्षांनी, एका दुपारी जीवराम त्यांच्या ओट्यावर आला. जवळच्याच गावचा कापूस पिकवणारा माणूस. मागे त्याची मुलगी मयुरी, सरांच्या शेवटच्या वर्गातली. ती धुळ्याच्या जितेंद्रला दिली होती. लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, ती माहेरी आली, त्याला दोन वर्षं झाली, आणि अजून माहेरीच होती. पहिल्या आखाजीला आलेली लेक सासरचं माणूस घ्यायला आल्याशिवाय परत जात नाही, अशी त्यांच्याकडची रीत. धुळ्याची मंडळी म्हणत, आपल्या पायांनी गेली, आपल्या पायांनी येईल. जीवराम म्हणे, माझी पोर काय रस्त्यावर पडली आहे? दोन्हीकडची नाकं वर, आणि मधल्यामधे पोर वाळत चाललेली.

“सर, कोर्टना कागद उना,” जीवराम म्हणाला. “जितेंद्रनी फारकत मांगेल शे. तुमीन लिखेल चिठ्ठी त्यासनी जोडेल शे.”

सरांना चिठ्ठी चांगली आठवत होती. फोन केला तर मिनतवारी केल्यासारखं दिसेल आणि जावई पडला ऑफिसातला, म्हणून जीवरामला इंग्रजीतच चिठ्ठी हवी होती, तीही रजिस्टर पोस्टाने. ‘पोर आखाजीला आली आहे, घ्यायला कधी येता, एवढंच लिहा,’ असं त्याने सांगितलं होतं. आता ‘घ्यायला येणे’ याला इंग्रजीत शब्द काय? सरांच्या वहीत नव्हता. त्यांनी ते गाळूनच टाकलं. माझ्या मुलीने आपलं घर अबँडन केलं असून ती माझ्याकडे आहे, आपली इच्छा कळवावी, असं लिहिलं आणि खाली जीवरामची सही घेतली. त्या दिवशी ते स्वतःवर बेहद्द खूश होते.

कोर्टाच्या कागदात त्याच वाक्याखाली रेघ मारलेली होती. सरांनी फळीवरचा मोठा शब्दकोश काढला. वही असताना तो उघडायची गरज कधी पडली नव्हती. अबँडन: परत न येण्याच्या इराद्याने कायमचं टाकून देणं. त्यांनी दोनदा वाचलं.

“आपले वकील म्हणतात,” मयुरी हळूच म्हणाली, “सरांनी साक्षीत सांगावं, की शब्दाचा नेमका अर्थ ठाऊक नव्हता. मग त्या चिठ्ठीत काही दम राहत नाही. मला नांदायचं आहे, सर.”

“सांगतो की,” सर म्हणाले. “माझ्याच हातून झालंय.”

जीवराम पायऱ्या उतरला. मयुरी दाराशी रेंगाळली.

“पोस्टात टाकायच्या आधी मी चिठ्ठी वाचली होती. तो शब्द खटकला होता. मोबाइलवर अर्थसुद्धा बघितला.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्हाला कसं सांगणार, सर?”

महिनाभराने तिघं धुळ्याला गेले. बसमध्ये सर एकच वाक्य मनात घोकत होते: मला अर्थ ठाऊक नव्हता. जीवरामचीही साक्ष व्हायची असल्याने त्याला कोर्टाबाहेर बसवलं. समोरच्या बाजूचा वकील निघाला किरण, सरांचाच जुना विद्यार्थी. आत जाण्याआधी त्याने भर व्हरांड्यात सरांच्या पायाला हात लावला. सर सुखावले. इथेच घात झाला.

“सर,” किरणने अदबीने विचारलं, “हा शब्द तुम्हीच आमच्याकडून पाठ करून घेतला. आणि त्याचा अर्थ तुम्हालाच ठाऊक नव्हता, असं यांच्या लेखी उत्तरात आहे. आपणही कोर्टाला तेच सांगणार आहात?”

घोकलेलं वाक्य ओठांवर होतं. समोर मयुरी पदर मुठीत धरून बसली होती. पण किरणही बघत होता, आणि त्याच्या नजरेत सरांना आपले एकतीस वर्षांचे वर्ग दिसत होते.

“ठाऊक होता,” सर म्हणाले. “पूर्ण ठाऊक होता.”

टाइपिस्टने ते टिपून घेतलं. मयुरीने मान खाली घातली. सरांना शब्द परत गिळावासा वाटला. इतकी लाज त्यांना जन्मात वाटली नव्हती.

दाराबाहेर जीवराम उभाच होता. “काय सांगं सरस्नी?” त्याने सरांच्या साक्षीचं विचारलं.

मयुरीने डोळे पुसले. “बराबर सांगं, आबा.”

जीवरामने सरांना हात जोडले. संध्याकाळच्या बसला ही गर्दी. आत एकच जागा रिकामी होती.

“सर, तुम्ही बसा,” मयुरी म्हणाली, आणि वरची दांडी धरून पाचोऱ्यापर्यंत त्यांच्याशेजारी उभी राहिली.